अर्धा तास कुणी बोलायचं नाही

हिसायोवहिनीच्या स्वयंपाकघराचा गॅस मी बंद केला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी तिच्या बाजूची होते असा कुणाचा गैरसमज नको.

आमचं गाव उवाजिमा शहराच्या दक्षिणेला, खाडीच्या काठावर. वर डोंगरात पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या संत्र्याच्या बागा, खाली बंदर. तेइजीदादा बाग बघतो, मी संत्री निवडायच्या शेडमध्ये कामाला जाते. दादाच्या घरात तिघं असतात. तो, वहिनी आणि आमची आई उमेनो. माझं घर तिथून तिसरं.

वहिनीला काचबिंदू होता. चार वर्षं नजर हळूहळू कडेने कुरतडली गेली आणि मग उरलेलं धूसरही गेलं. आम्हाला ते उशिरा कळलं, कारण चौतीस वर्षं ज्या स्वयंपाकघरात प्रत्येक डबा ज्याच्या त्याच्या जागी ठेवला, तिथे तिला डोळ्यांची फारशी गरजच पडत नव्हती. ती सोया सॉसच्या बाटलीकडे हात नेई आणि बाटली तिथे असे.

नोव्हेंबरात एका दुपारी मी वाटीभर लोणचं द्यायला गेले. वहिनी शेगडीपाशी उभी होती आणि तिच्या बाहीला जाळ लागला होता. तिला तो वासाने कळला, मला डोळ्यांनी. दोघींचे हात त्यावर एकदमच पडले, मग बाही नळाखाली धरली. मनगटावर एक फोड आला, बाकी काही झालं नाही. मी तशीच घरामागे गेले आणि सिलिंडरची चावी फिरवून बंद केली. आत येऊन सगळ्या सुऱ्या गोळा केल्या आणि कपाटावर ठेवल्या.

"आजपासून दोन्ही वेळचं जेवण मी आणीन," मी म्हटलं.

"कात्सुए, बाही जळलीय," वहिनी म्हणाली. "घर नाही जळलं."

"मग घर जळल्यावर बोलायला येऊ का?"

ती ओल्या बाहीचं पाणी पिळत राहिली.

तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ डबे पोचवायला लागले. वहिनी "उपकार झाले गं" म्हणून घ्यायची आणि पुन्हा वर रजई, खाली ऊब अशा बैठ्या टेबलाशी जाऊन बसायची. मांडीवर हात उपडे ठेवून. मला वाटायचं, बरं झालं, आयुष्यभर राबली, आता आराम मिळतोय. तिचा आवाज बारीक होत चालला होता, तोही मी आरामाच्या खात्यात टाकला.

आई मात्र सरळ बोलायची.

"हे काय आहे?" पहिल्याच आठवड्यात वाटी नाकाशी नेऊन तिने विचारलं.

"मिसोचं सूप, आई."

"सांगितलंस ते बरं झालं. मला वाटलं भांडी विसळलेलं पाणी चुकून वाढलंस."

"सगळं घातलंय त्यात."

"मासळी उकळायची सोडून पाकिटातली पूड घातलीयस."

"अख्खं गाव पूड घालतं."

"अख्ख्या गावाकडे मी जेवायला जात नाही," आई म्हणाली आणि वाटी खाली ठेवली.

मी रागाने घरी गेले. पण डिसेंबर सरता सरता आईची कुरकूर थांबली. डबे रिकामे परत यायला लागले. मी शेडमधल्या बायकांना सांगितलंसुद्धा, म्हातारीला माझ्या हाताची सवय झाली म्हणून.

फेब्रुवारीत एके दिवशी शेडमधला संत्री वाहून नेणारा पट्टा तुटला आणि आम्हाला अकरालाच सोडलं. गल्लीत वळले आणि वास आला. सुक्या बारीक मासळीचा अर्क उकळीला येण्याच्या जरा आधी जो वास सुटतो, तो. डोकी आणि पोटातली कडू घाण एकेक करून काढली असेल तरच तो इतका स्वच्छ येतो. हल्ली कोण करतं ते? मी दादाच्या घराला वळसा घालून मागे गेले. सिलिंडरची चावी उघडी होती.

स्वयंपाकघराच्या दारात मी थबकले. आई ठेंगण्या स्टुलावर बसली होती, काठी गुडघ्यात धरून. शेगडीवर अंड्याच्या गुंडाळीचा चौकोनी तवा होता आणि वहिनी त्यावर वाकली होती. शेगडीच्या बटणांवर भाताची शितं वाळून चिकटावीत तसे गोंदाचे ठिपके दिसत होते, एका बटणावर एक, दुसऱ्यावर दोन.

"आई, कडेला रंग आला का?" वहिनीने विचारलं.

"मला रंग विचारायचा नाही, हे कितींदा सांगितलं? उद्या मी मेले म्हणजे कुणाला विचारशील? नाक कशाला आहे?"

वहिनीने मान आणखी खाली नेली. श्वास घेतला. चॉपस्टिकचं टोक अंड्याच्या पापुद्र्यावरून अलगद ओढून पाहिलं, ते कुठे चिकटतं आणि कुठे घसरतं ते. मग मनगटाला एक झटका दिला आणि तो पापुद्रा वळत वळत तिच्याकडे आला. दुसऱ्या वळशाला फाटला.

"फाटलं," वहिनी म्हणाली.

"परवा तीन ठिकाणी फाटलं होतं. पुढचं ओत."

मग मी बोलले. आता आठवलं की लाज वाटते, इतक्या जोरात बोलले. "गॅस कुणी उघडला?"

वहिनी दचकली. आई अजिबात दचकली नाही.

"मी. डिसेंबरपासून रोज तू कामाला गेलीस की उघडते आणि तू यायच्या आत बंद करते. कमरेला चांगला व्यायाम झाला."

"आणि माझे डबे?"

"शेजारच्या कुत्र्याने बाळसं धरलंय, पाहिलं नाहीस?"

तेवढ्यात दादा बागेतून जेवायला आला. मी त्याच्याकडे वळले. "तुला हे माहीत होतं?"

"मला यात ओढू नकोस," दादा बूट काढत म्हणाला. "मी मधे पडलो की दोघी मला उपाशी ठेवतात."

मी बडबड बडबड केली. वहिनी शांतपणे तवा पुसत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "कात्सुए, तू माझ्यासाठी घाबरलीस, ते मला कळतं. पण आई गॅस उघडेपर्यंत मी त्या टेबलाशी बसले ना, तेव्हा मला पहिल्यांदा आंधळं झाल्यासारखं वाटलं. इथे उभी असले की नाही वाटत."

मी आईवरच घसरले. "एप्रिलमध्ये तुझा वाढदिवस आहे. अकरा माणसं येणार. त्यांच्यासमोर हिचा हात भाजला तर?"

"बरी आठवण केलीस," आई म्हणाली. "माझं अठ्ठ्याऐंशीचं जेवण हिसायो करणार. याच घरात."

अठ्ठ्याऐंशी म्हणजे आमच्याकडे तांदळाचं वय. त्या आकड्याची अक्षरं एकावर एक मांडली की तांदूळ हा शब्द होतो, म्हणून त्या दिवसाचा मोठा मान. मी महिनाभर आधी बंदराजवळच्या खाणावळीचं दालन सांगून ठेवलं होतं.

"ते दालन ठरलंय, आई."

"मोडून टाक. आणि त्या दिवशी तू इथे, या स्टुलावर बसायचं. हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. काही बिघडलं तर मी मरेपर्यंत तुझं सूप पिईन, तक्रार न करता."

दादा हसला. मी नाही हसले. पण दालन मोडलं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सहाला मी स्टुलावर जाऊन बसले. आई आतल्या खोलीत त्या वयाच्या मानाचं सोनेरी जाकीट घालून तयार होत होती. वहिनीने कपडे आवळून बांधले होते, बाह्या कोपराच्या वर. ओट्यावर वाट्या रांगेने मांडलेल्या होत्या आणि रांगेच्या सुरुवातीला एक आडवी चॉपस्टिक, म्हणजे कुठून मोजायचं ते बोटांना कळावं. कोवळ्या बांबूचे कोंब आदल्या दिवशी कोंड्याच्या पाण्यात उकळून ठेवलेले. दादाने बंदरावरून दोन मादाई मासे आणले होते. वसंतातला मादाई, गुलाबी, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब.

वहिनीने नळ बारीक सोडून मासा त्याखाली धरला आणि सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढले. मग सुरी ठेवली आणि दोन्ही हातांनी मासा चाचपला. परांच्या खाली, कल्ल्यांच्या मागे, पोटाच्या घडीत. जिथे आम्ही डोळ्यांवर भरवसा ठेवून सोडून देतो, तिथून तिने सात-आठ खवले काढले. कण्याला धरून सुरी चालली तेव्हा बरगड्यांवरून जाताना बारीक टिकटिक ऐकू येत होती आणि ती थांबली की वहिनी सुरीचा कोन बदलत होती. मांसातले काटे तिने बोटाच्या शेंड्याने शोधले आणि चिमट्याने उपटले. प्रत्येक काटा ओल्या फडक्यावर ठेवून मोजत होती.

माझ्या जिभेवर दहा वेळा आलं, सांभाळ. दहा वेळा गिळलं.

काप करताना तिने डाव्या हाताचं मधलं बोट माशावर टेकवलं आणि सुरी त्याला लागून ओढली. बोट मागे, सुरी ओढ. बोट मागे, सुरी ओढ. काप एकावर एक कलंडत गेले. मी माझ्याही नकळत पुढे झुकले होते. स्टूल करकरलं.

"बस मागे," वहिनी हसून म्हणाली. "पडशील, आणि बोलणी मला बसतील."

भात मातीच्या भांड्यात ठेवला. आत खदखद सुरू झाली, मग ती दाटली, मग झाकणाच्या कडेने शिट्टीसारखी वाफ सुटली. वहिनी दुसरं काम करत होती, पण कान तिकडे होता. तळाशी तडतड झाली आणि खरपूस वासाची एक लहर आली. तिने हात लांब केला आणि आच बंद केली. घड्याळाकडे मी पाहिलं, कारण मीच ते पाहणारी होते. उघडलं तेव्हा प्रत्येक शीत उभं होतं.

अंड्याची गुंडाळी फाटली नाही.

साडेअकराला पाहुणे आले, सांगितल्यापेक्षा अर्धा तास लवकर. सगळ्यात पुढे गेन्पेइमामा, आईचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं त्याने मासळीच्या बाजारात लिलाव पुकारला, त्यामुळे कानाशी बोलतानाही तो धक्क्यावरून बोलतो. त्याच्यामागे बाकीचे दहा. बाहेरच्या खोलीत एकच गलका झाला. कुणी टीव्ही लावला. मामा सांगत होता, "हिसायोच करतेय म्हणे सगळं. मी येताना खाऊन आलोय थोडं, खोटं कशाला बोलू."

आत वहिनीने नुकताच तेम्पुराला, पातळ पिठात बुडवून तळायच्या पदार्थांना, हात घातला होता. पिठाचा एक थेंब तेलात सोडून ती कान लावून उभी होती. मग दुसरा थेंब. मग तिने गॅस बंद केला.

"काय झालं?" मी नियम मोडून विचारलं.

"मला तेल ऐकू येत नाही," ती म्हणाली.

तिने हात पुसले, भिंतीला बोटं लावत बाहेरच्या खोलीपर्यंत गेली आणि दार सरकवलं. मी मागोमाग गेले. कोणाच्या घरातली सून पाहुण्यांना असं म्हणते, ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"तुम्ही आलात, फार बरं वाटलं," वहिनीने वाकून नमस्कार केला. "आता टीव्ही बंद करा. अर्धा तास कुणी बोलायचं नाही. मी तळतेय."

गेन्पेइमामाने तोंड उघडलं. आतून आई जाकीट सावरत आली आणि काठी जमिनीवर एकदा आपटली. मामाने तोंड मिटलं.

आणि ते घर गप्प झालं. अकरा माणसं चटईवर गुडघे मोडून बसली, सरकतं दार उघडंच राहिलं. वहिनीने पुन्हा गॅस पेटवला. वरचा पंखा बंद केला. पिठाचा थेंब सोडला. तो तळाशी जाऊन वर आला, तसा बारीक फुटल्याचा आवाज झाला आणि तिने मान हलवली.

पहिली कोळंबी तेलात गेली. जड, दाट, भरल्या तोंडाने कुणी बडबडावं तसा आवाज. वहिनी चॉपस्टिक धरून उभी. मी डोळे मिटले. का मिटले माहीत नाही, मिटावेसे वाटले. आणि काही वेळाने मला ते ऐकू आलं. बडबड पातळ झाली. आवाज वर चढला, कोरडा झाला, वाळूवर बारीक पाऊल पडावं तसा. त्याच क्षणी वहिनीने कोळंबी उचलली. चॉपस्टिकमध्ये ती थरथरत होती, तोही कंप ती बोटांनी ऐकत होती. मग दुसरी, तिसरी. बांबूचे कोंब, रताळं, डोंगरातून आणलेले कोवळे पालेदार कोंब. प्रत्येकाचा आवाज निराळा होता. बांबूचा बसका, पानाचा चुटपुटता. चाळीस वर्षं मी तेम्पुरा तळतेय आणि हे मी कधी ऐकलं नव्हतं.

मी डोळे उघडून बाहेर पाहिलं. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या होत्या. दोघा-तिघांनी डोळे मिटले होते. गेन्पेइमामा तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होता आणि प्रत्येक वेळी आवाज चढला की त्याची हनुवटी नकळत वर जात होती.

शेवटचा कोंब उचलल्यावर वहिनीने गॅस बंद केला. "आता बोला," ती म्हणाली.



जेवायला बसल्यावर आईच्या वाटीत वहिनीने स्वतः भात वाढला. त्यावर मादाईचे काप, वरून कच्चं अंडं फेटून घातलेला रस, तीळ. आमच्याकडे सणाला असंच खातात. मामाने आपल्या ताटातला एक काप चॉपस्टिकने उचलून उजेडात धरला. मासळीच्या कुठल्याही काट्यावर त्याचा दात आधी पडतो, अशी त्याची ख्याती. त्याने खाल्ला. दुसरा खाल्ला. मग हळूहळू सगळे.

"हे काप सारखे नाहीत," शेवटी तो म्हणाला. "माझे जाड आहेत. ताईच्या ताटातले कागदासारखे."

"आईंना वरचे दात नाहीत," वहिनी म्हणाली. "त्यांच्यासाठी पातळ कापले. तुम्हाला चावायला आवडतं. गेल्या वेळी म्हणालात ना, हॉटेलातला मासा तोंडात येतो न येतो तोच संपतो."

मामाने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "हिसायो," तो त्याच्या त्या धक्क्यावरच्या आवाजात म्हणाला, "आयुष्यभर मी लोकांना मासा डोळ्यांनी पाहायला सांगितलं. माशाचा डोळा बघा, कल्ला बघा. मूर्खपणा केला. एकसुद्धा काटा नाही यात."

"बेचाळीस होते," वहिनी म्हणाली. "मोजलेत."

खोली हसून गेली. ताटं भराभर रिकामी व्हायला लागली. मामाने, येताना खाऊन आलेल्याने, तीन वेळा भात मागितला. आईने दोन वाट्या संपवल्या आणि तिसरी पुढे केली. दादाने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इतकंच म्हणाला, "कात्सुए, कोळंबी घे ना. गार होतेय."

मी घेतली. चावल्याबरोबर कडकन वाजली आणि आत गोड, मऊ, अजून वाफाळलेली होती. मी चॉपस्टिक ठेवून वहिनीकडे वळले आणि तिच्यासमोर वाकले, कपाळ चटईला लागेपर्यंत. "वहिनी, माझं चुकलं. तुझ्या कपाटावर उरलेल्या सुऱ्या मी आज उतरवून जागेवर ठेवते."

"सगळ्या सुऱ्या आईंनी डिसेंबरमध्येच उतरवल्या," वहिनी म्हणाली. "काठीने ओढून. एक पडली, चटईत रुतली. ते तुला सांगितलं नव्हतं."

आई निवांत जेवत होती. "आणि कात्सुए," घास गिळून ती म्हणाली, "तुझं सूप मला आता प्यावं लागणार नाही. माझी खरी वाढदिवसाची भेट ती."

यावर सगळ्यात मोठ्याने मी हसले.

सगळ्यांचं वाढून झाल्यावर वहिनी शेवटी जेवायला बसली. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईने अशा वेळी मान खाली घालून म्हणायचं असतं, काही खास नव्हतं हो, गोड मानून घ्या. मीही आजवर तेच म्हणत आले. वहिनीने भाताचा घास घेतला, सावकाश चावला. बांबूचा कोंब खाल्ला. कोळंबी खाल्ली, शेपटीपर्यंत. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि मला वाटतं तिला ते कळत होतं.

"चांगलं झालंय," वहिनी म्हणाली, आणि पुढचा घास उचलला.